शांततेचा भंग

दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका नोंदवहीत चार शब्दांचा शेरा लिहिला: 'शांततेचा भंग होण्याचा संभव.' शेरे लिहिणे हा आम्हा प्राध्यापकांचा नित्याचा व्यवसाय आहे, आणि लिहिलेले शेरे विसरून जाणे ही आमच्या मनःस्वास्थ्याची पहिली अट आहे. उत्तरपत्रिकांवर, रजेच्या अर्जांवर, ग्रंथालयाच्या मागणीपत्रांवर आजवर जे हजारो शेरे मी मारले, त्यांपैकी एकही आज मला सांगता येणार नाही. हे चार शब्दही मी त्याच दिवशी विसरलो होतो. परंतु काही वर्षांनी ते एका दूरच्या शहराच्या इतिहासातून माझ्याकडे परत आले. ते कसे परत आले, एवढेच आज वाचकांस सांगावयाचे आहे.

त्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या समितीचे अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडले होते. एके दुपारी चार विद्यार्थी माझ्या खोलीत आले. दोघांचे केस मानेखाली रुळत होते, एकाच्या सदऱ्यावर कवटीचे चित्र होते, आणि चौथा, जो त्यांच्या वतीने बोलत होता, तो माझ्याच वर्गातला, दुसऱ्या बाकावर बसणारा, एरवी अत्यंत अबोल असा मुलगा होता. विजेच्या गिटारी आणि ड्रम यांच्या साथीने स्वतः रचलेली तीन गाणी संमेलनात म्हणण्याची त्यांना परवानगी हवी होती. गाण्यांचे शब्द त्यांनी एका कागदावर लिहून आणले होते. मी पहिल्या चार ओळी वाचल्या. अर्थ लागला नाही. मी कागदाची घडी केली.

"सर, एकदा ऐकून तरी घ्या," तो मुलगा म्हणाला. "आज संध्याकाळीच तालीम आहे."

मी घड्याळाकडे पाहिले. "गाणी चांगली की वाईट हा प्रश्नच नाही," मी म्हणालो. "प्रश्न शिस्तीचा आहे."

"पण सर, आम्ही तर अजून काहीच केलेले नाही!"

या वाक्यावर मी हसलो, वडीलकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि ते चौघे गेल्यावर नोंदवहीत तो शेरा लिहिला. संमेलन यथासांग पार पडले. नाट्यगीते झाली, एक एकपात्री प्रयोग झाला, पाहुण्यांचे भाषण झाले. शांततेचा कोठेही भंग झाला नाही.

पुढे काही वर्षांनी पदव्युत्तर वर्गाला शिकविण्यासाठी मी टॉम स्टॉपर्ड या नाटककाराचे एक नाटक निवडले. २००६ साली लंडनच्या रॉयल कोर्ट रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे नाव 'रॉक 'एन' रोल' असे आहे. शेक्सपिअर आणि शॉ यांच्यावर पोसलेल्या मनुष्याला नाटकाला असले नाव शोभत नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. पण नाटक शिकवायचे तर त्याची पार्श्वभूमी वाचणे प्राप्त होते, आणि ती वाचता वाचता मी १९७६ सालच्या प्रागमधील एका न्यायालयात जाऊन पोचलो. तेथे चार माणसे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप नव्हता, हेरगिरीचा नव्हता. आरोप होता तो संघटितपणे शांततेचा भंग केल्याचा. ती ओळ वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

त्या न्यायालयापर्यंत वाचकांना न्यावयाचे तर आधी त्या संगीताची थोडी ओळख करून दिली पाहिजे. 'सायकेडेलिक' हा शब्द आपल्याकडील सुशिक्षित घरांत उच्चारला की झिंज्या, चिलीम आणि १९६८ साली हृषीकेशला आलेले बीटल्स, एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुतः या शब्दाचे कुल मोठे प्रतिष्ठित आहे. हंफ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ साली आल्डस हक्सलेशी चाललेल्या पत्रव्यवहारात तो ग्रीक धातूंवरून घडविला. मनाला प्रकट करणारे, असा त्याचा अर्थ. त्याच हक्सलेने १९५४ साली स्वतःच्या अनुभवांवर जे लहानसे पुस्तक लिहिले, त्याचे नाव त्याने विल्यम ब्लेकच्या एका वचनावरून घेतले होते, आणि लॉस एंजेलिसच्या तरुणांनी १९६५ साली आपल्या संचाला 'द डोअर्स' हे नाव दिले ते हक्सलेच्या पुस्तकावरून. पंचवीस वर्षे मी वर्गात ब्लेक शिकवीत आलो आहे. माझ्या कवीचे एक वचन दोन पिढ्या ओलांडून असे गिटारवाल्यांच्या घरी नांदावयास गेले आहे, याचा मला पत्ताही नव्हता.

हे संगीत १९६५ ते १९६७ या वर्षांत प्रामुख्याने कॅलिफोर्नियात फोफावले. गिटारचा स्वर मुद्दाम फाटका करून लांबवावयाचा, त्यावर प्रतिध्वनीचे थर चढवावयाचे, तीन मिनिटांचे गाणे पाव तास, अर्धा तास पसरू द्यावयाचे, आणि भिंतींवर तेलापाण्याचे रंगीत प्रकाश हलवावयाचे, अशी त्याची साधारण रीत. त्यामागे एल.एस.डी. नावाचे द्रव्य होते हे लपविण्यात अर्थ नाही. त्या द्रव्याने कित्येक तरुणांची मने विसकटून टाकली, आणि जून १९६७ मध्ये मॉन्टेरीच्या महोत्सवात सतार वाजविणाऱ्या पंडित रविशंकरांनीही या व्यसनाविषयीची आपली नापसंती वारंवार बोलून दाखविली. परंतु त्यामागे केवळ द्रव्यच होते असेही नव्हे. व्हिएतनामचे युद्ध होते. सक्तीच्या सैन्यभरतीचे बोलावणे घरोघरी येत होते. आणि वडिलांच्या पिढीने उभारलेल्या समृद्धीत आपल्याला जागा आहे पण श्वास नाही, अशी एका पिढीची भावना झाली होती. १४ जानेवारी १९६७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट उद्यानात हजारो तरुण जमले, तेव्हा आपण एक नवे युगच आरंभीत आहोत असे त्यांना वाटत होते.

ते युग किती टिकले? त्याच वर्षी ऑक्टोबरच्या ६ तारखेला त्याच शहरातील त्याच वस्तीत काही तरुणांनी 'हिप्पी' या नावाची लटकी प्रेतयात्रा काढली. वृत्तपत्रांनी, प्रवासी गाड्यांनी आणि दुकानदारांनी मिळून त्यांच्या बंडाची विक्रीची वस्तू करून टाकली होती. अमेरिकेत त्या संगीताला तुरुंगाने गिळले नाही, बाजाराने गिळले. हा काही लहानसहान फरक नव्हे. पण त्याच ध्वनिमुद्रिका जेव्हा बाजार नसलेल्या देशात जाऊन पोचल्या, तेव्हा त्यांचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

१९६८ च्या वसंतात चेकोस्लोव्हाकियातील अलेक्झांडर दुबचेक यांच्या राजवटीने वृत्तपत्रांवरील आणि पुस्तकांवरील बंधने सैल केली. सीमा थोड्या उघडल्या. व्हात्सलाव हावेल नावाचा एक तरुण नाटककार त्या वर्षी न्यूयॉर्कला जाऊन आला आणि येताना 'वेल्वेट अंडरग्राउंड' या संचाची ध्वनिमुद्रिका घेऊन आला. २० ऑगस्टच्या रात्री वॉर्सा कराराच्या सैन्याचे रणगाडे सीमा ओलांडून आत शिरले, आणि तो वसंत संपला. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत प्रागमध्ये मिलान ह्लावसा या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या मित्रांना जमवून एक संच काढला. फ्रँक झापा या अमेरिकन संगीतकाराच्या एका गाण्यावरून त्याचे नाव ठेवण्यात आले 'द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स'. नाव मोठे आणि संसार लहान, असा तो प्रकार होता. चेहऱ्यांना रंग फासावयाचे, झगे घालावयाचे, दिव्यांचे खेळ करावयाचे आणि परदेशातील आवडती गाणी आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणावयाची, यापलीकडे त्या मुलांची महत्त्वाकांक्षा नव्हती.

एप्रिल १९६९ मध्ये दुबचेक जाऊन गुस्ताव हुसाक आले, आणि पुढच्या कालखंडाला राज्यकर्त्यांनीच एक नाव दिले: 'सामान्यीकरण'. या शब्दाचा विचार करावा तितका थोडा आहे. जे मोडले ते पूर्ववत करणे, विस्कटले ते नीटनेटके करणे, असा किती निरुपद्रवी, किंबहुना किती गृहस्थी अर्थ त्यात आहे! संगीताच्या क्षेत्रात या नीटनेटकेपणाची रीत अशी होती, की धंदेवाईक वादकाला सरकारी परवाना लागे, आणि तो समितीसमोर परीक्षा देऊन मिळवावा किंवा टिकवावा लागे. केस कापा, इंग्रजी नाव बदला, इंग्रजी गाणी सोडा, उदास गाणी टाळा, अशा त्या समित्यांच्या अपेक्षा. पुष्कळांनी केस कापले. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. मुलेबाळे असलेला मनुष्य केसांसाठी उपाशी मरत नाही. 'प्लास्टिक पीपल'नी ते केले नाही. १९७० साली त्यांचा परवाना गेला, आणि वाद्ये सरकारच्या मालकीची असल्यामुळे तीही गेली. त्यांच्यातील योसेफ यानिचेक हा कारागीर वृत्तीचा मनुष्य होता. त्याने जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंच्या सुट्या भागांतून ध्वनिवर्धक जुळविले, आणि संच पुन्हा वाजू लागला.

या संचाला इव्हान यिरोउस या नावाचा एक चमत्कारिक मार्गदर्शक लाभला होता. हा कलेतिहासाचा पदवीधर. मित्र त्याला 'मागोर', म्हणजे जवळजवळ 'वेडा', असे म्हणत, आणि त्याला त्याचा अभिमान होता. परवाना गेल्यावर त्याने एक युक्ती काढली. कलेतिहासकार या नात्याने व्याख्यानासाठी सभागृह मिळविण्याचा अधिकार त्याला होता. तेव्हा त्याने अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकारावर व्याख्यान ठेवले. व्याख्यान थोडा वेळ झाले, आणि मग वॉरहॉलच्या सहवासातील संगीत कसे असते याचे उदाहरण म्हणून त्याचा संच कित्येक वेळ वाजत राहिला! विषयाहून उदाहरण मोठे होऊ देऊ नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी बजावतो. यिरोउसच्या बाबतीत मात्र हा नियम शिथिल करावयास माझी हरकत नाही.

हीही वाट लवकरच बंद झाली. मग हे लोक खेड्यांकडे वळले. कोणाचे लग्न असले की त्या निमित्ताने एखाद्या खानावळीत किंवा धान्याच्या कोठारात वादन व्हावयाचे. ठिकाण शेवटच्या घटकेपर्यंत गुप्त, आणि मग तोंडातोंडी निरोप. ऐकणारे आगगाडीने दूरच्या स्थानकावर उतरावयाचे आणि तेथून बर्फातून, रानातून मैलोगणती पायी जावयाचे. मार्च १९७४ मध्ये चेस्के बुदयेयोवित्सेजवळच्या रुदोल्फोव्ह गावी असाच मेळावा जमणार होता. वादन सुरू होण्यापूर्वीच पोलीस आले, श्रोत्यांना दंडुक्यांनी झोडपीत स्थानकावर नेले आणि गाडीत कोंबून परत पाठविले. 'आम्ही तर अजून काहीच केलेले नाही,' असे त्यांच्यापैकी कोणी म्हणाले असेल काय? असेलच. मला ते वाक्य ऐकू येते.

एवढा छळ सोसून ही मंडळी गात तरी काय होती? येथे एखादा देशभक्तिपर पोवाडा किंवा क्रांतिगीत निघेल अशी अपेक्षा असेल, तर वाचकांची निराशा होईल. १९७२ साली व्रातिस्लाव ब्राबेनेत्स हा सॅक्सोफोनवादक संचात आला आणि आपल्याच भाषेत, आपलेच संगीत वाजविण्याचा त्याने आग्रह धरला. तेव्हापासून त्यांनी एगोन बोंदी या बंदी असलेल्या कवीच्या रचनांना चाली लावल्या. त्यांत बिअर आहे, कंटाळवाण्या सकाळी आहेत, शरीराचे ग्राम्य व्यवहार आहेत. एका गाण्याचा विषय तर बद्धकोष्ठ हा आहे. पक्षाचे नाव नाही, रणगाड्याचा उल्लेख नाही. त्यांना सरकार उलथावयाचे नव्हते. सरकारशी बोलावयाचेच नव्हते. यिरोउसने १९७५ साली लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात 'दुसरी संस्कृती' ही कल्पना मांडली, तिचे मर्म हेच होते. सरकारमान्य संस्कृतीशी भांडावयाचे नाही, तिची मान्यता मागावयाची नाही. तिच्या शेजारी आपली वेगळी चूल मांडावयाची.

सत्तेला भीती वाटली ती नेमकी याची. विरोधकाला सत्ता ओळखते. त्याच्याशी तिला भांडता येते, सौदा करता येतो, प्रसंगी त्याला विकतही घेता येते. पण ज्याला तिच्यापासून काहीच नको, त्याच्यापुढे ती निरुपाय होते. मनुष्याने सकाळी काय वाचावे आणि रात्री काय गुणगुणावे, या सर्वांवर जी आपला हक्क सांगते, त्या सत्तेच्या राज्यात बद्धकोष्ठावरचे गाणेही राजकीय होऊन बसते. ते राजकीय करण्याचे काम गाणाऱ्याने केले नव्हते. ऐकू न देणाऱ्याने केले होते.

फेब्रुवारी १९७६ मध्ये यिरोउसच्या लग्नानिमित्त बोयानोवित्से गावी मोठा मेळावा झाला, आणि मार्चमध्ये धरपकड झाली. सप्टेंबरमध्ये प्रागला खटला उभा राहिला. यिरोउसला दीड वर्ष, पावेल झायिचेक या कवि-संगीतकाराला एक वर्ष, आणि ब्राबेनेत्स व स्वातोप्लुक कारासेक यांना प्रत्येकी आठ महिने शिक्षा झाली. यांतील कारासेक हा ख्रिस्ती धर्मोपदेशक होता, हे विशेष. गाण्यांतील ग्राम्य शब्द हा पुराव्याचा मोठा भाग. सरकारी वृत्तपत्रांनी आधीच सांगून ठेवले होते, की ही माणसे व्यसनी, दारुडी आणि गुंड आहेत.

राज्यकर्त्यांचा हा हिशेब मोठ्या धूर्तपणाचा होता. नामांकित लेखकाला पकडले तर जगभर बोभाटा होतो. पण लांब केसांच्या, शिवराळ गाण्यांच्या, कर्कश वाद्यांच्या पोरांना पकडले तर कोण बोलणार? सभ्य नागरिक मनातून म्हणणार, 'बरे झाले. निदान रात्री झोप तरी लागेल.' म्हणजे सभ्य नागरिकाची अभिरुची हीच पोलिसांची साहाय्यक व्हावयाची होती. हे वाचताना मी थांबलो, कारण या हिशेबात ज्याला गृहीत धरले होते, तो मनुष्य मला चांगलाच परिचित होता. तो चष्मा लावतो, ब्लेक शिकवतो आणि चांगल्या हस्ताक्षरात शेरे लिहितो.

तो हिशेब चुकला, आणि तो चुकविणारी माणसे कोण होती? अटकेच्या थोडेच आधी यिरोउस आणि हावेल यांची भेट झाली होती. यिरोउसने एका खटारा ध्वनिमुद्रकावर हावेलला ते संगीत ऐकविले, आणि त्यात काहीतरी अस्वस्थ करणारे पण खरे आहे असे हावेलला जाणवले. हावेल निदान रॉक संगीताचा चाहता तरी होता. पण यान पातोच्का? हा हुसर्लचा शिष्य, प्लेटो आणि कोमेन्स्की यांचा भाष्यकार, सत्तरीला टेकलेला तत्त्वज्ञ. विद्यापीठातून त्याला अध्यापन सोडावे लागले होते ते एकदा नव्हे, तर पुन्हा पुन्हा. आणि यारोस्लाव सैफर्ट? ज्याला पुढे १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले तो वृद्ध कवी. या मंडळींनी त्या पोरांच्या वतीने जर्मन लेखक हाइनरिख ब्योल याला अनावृत पत्र लिहिले. पातोच्काने त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. या संगीताने त्यांच्या कानांना सुख दिले असेल असे मला वाटत नाही. पण सुखाचा प्रश्नच नव्हता. हावेलने पुढे सांगितले आहे, की आजवर शिक्षा झाली ती राजकारणात हात घातलेल्या, परिणाम ठाऊक असलेल्या माणसांना. पण येथे आपल्या मनाप्रमाणे जगू पाहणाऱ्या तरुणांवर घाला आला होता, म्हणजे तो जगण्यावरच होता. आज हे खपवून घेतले तर उद्या कोणाचेही जगणे सुरक्षित नाही.

त्या खटल्याभोवती जी माणसे एकत्र आली, त्यांतूनच १ जानेवारी १९७७ या तारखेचा 'चार्टर ७७' हा जाहीरनामा निघाला. आपल्या सरकारने हेलसिंकीला १९७५ साली मानवी हक्कांविषयी जी वचने दिली ती पाळावीत, एवढीच मागणी; आणि सह्या करणारे सुरुवातीला अडीचशेच्या आत-बाहेर. हावेल, पातोच्का आणि माजी परराष्ट्रमंत्री यिर्झी हाएक हे तिघे त्याचे प्रवक्ते झाले. तत्त्वज्ञ, पदच्युत मंत्री, धर्मोपदेशक, कवी आणि गिटारवाले यांची नावे एका कागदावर येण्याचा हा योग गिटारवाल्यांमुळे जुळून आला होता.

पातोच्काला याची किंमत द्यावी लागली. पोलिसांच्या प्रदीर्घ चौकशांनंतर १३ मार्च १९७७ रोजी तो मरण पावला. त्याच्या अंत्यविधीची हकीकत मी वाचली ती आजही डोळ्यांपुढून हलत नाही. ब्रेव्हनोव्हच्या दफनभूमीत मित्र आणि विद्यार्थी जमले. प्रार्थना सुरू झाली, आणि डोक्यावर पोलिसांचे हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागले. शेजारच्या मैदानावर मोटारसायकलींची यंत्रे मुद्दाम घरघरत ठेवण्यात आली. कबरीपाशी बोललेला शब्द शेजारच्या माणसाला ऐकू येऊ नये, एवढ्यासाठी. सहा महिन्यांपूर्वी कर्कश आवाज करून शांततेचा भंग केला म्हणून ज्यांनी तरुणांना तुरुंगात धाडले होते, त्यांनीच एका वृद्ध प्राध्यापकाच्या प्रेताभोवती हा गोंगाट उठविला. तेव्हा मला प्रथम कळले, की आवाजाचे आणि सत्तेचे मुळीच वैर नसते. कोणाचा आवाज, एवढाच तिचा प्रश्न असतो.

ही साधुसंतांची कथा आहे असे मात्र कोणी समजू नये. यिरोउस मद्यपी आणि भांडखोर होता. पुढे पुन्हा पुन्हा पकडला जाऊन त्याने एकूण आठ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला. कवी एगोन बोंदी हा गुप्त पोलिसांना माहिती पुरवीत होता, हे नंतर उघडकीला आले. ब्राबेनेत्सला इतके छळण्यात आले की १९८२ साली तो देश सोडून कॅनडाला गेला. संचही १९८८ साली फुटला, म्हणजे उजाडण्याच्या अगदी आदल्या वर्षी. १७ नोव्हेंबर १९८९ रोजी प्रागमध्ये जी क्रांती सुरू झाली, तिच्या अखेरीस २९ डिसेंबरला हावेल राष्ट्राध्यक्ष झाला. पुढल्याच वर्षी वेल्वेट अंडरग्राउंडचा लू रीड त्याची मुलाखत घ्यावयास आला, आणि १९९७ साली, चार्टरला वीस वर्षे झाली तेव्हा, राष्ट्राध्यक्षाच्या विनंतीवरून 'प्लास्टिक पीपल' पुन्हा एकत्र वाजले. ह्लावसा २००१ साली वारला. तो पन्नाशीचाही झाला नव्हता.

एवढे वाचून झाल्यावर ते संगीत ऐकल्यावाचून राहणे मला लाजिरवाणे वाटू लागले. मुलीने आपल्या यंत्रावर ते शोधून दिले आणि "बाबा, तुम्ही? हे?" असे म्हणून ती दारातच उभी राहिली. ह्लावसाच्या जाड तारांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा घुमत होता, व्हायोला विव्हळत होती, आणि मध्येच सॅक्सोफोन असा काही किंचाळला की स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, पाण्याच्या पंपाला काही झाले का?" खोटे कशाला सांगू? मला ते आवडले नाही. भीमसेनांच्या तोडीत वाढलेला माझा कान पन्नाशीनंतर एका संध्याकाळीत पालटणार नव्हता. पण मी शेवटपर्यंत ऐकले, आणि ऐकता ऐकता लक्षात आले, की आवडले नाही हे म्हणण्याचा अधिकार मला आताच, ऐकून झाल्यावर, प्राप्त झाला आहे.

माझ्या नोंदवहीची प्रागच्या न्यायालयाशी तुलना करण्याचा अहंकार मी बाळगीत नाही. माझ्या शेऱ्याने कोणी तुरुंगात गेले नाही. चार मुले एका संध्याकाळी गाऊ शकली नाहीत, एवढेच. हुकूमशाहीच्या यातनांशी असल्या गोष्टीचे नाते जोडणे म्हणजे त्या यातनांचा अपमान होय. पण वाक्याची घडण मात्र तीच होती, हे मला नाकारता येत नाही. गाण्याचा विचार न करता शिस्तीचा विचार करावयाचा, अर्थ लागत नाही म्हणून घडी करून बाजूला सारावयाचे, आणि स्वतःच्या अरुचीला सार्वजनिक शांततेचे नाव द्यावयाचे. यासाठी हुकूमशहा असावे लागत नाही, सभ्य असले तरी पुरते. पातोच्का माझ्याहून अधिक सभ्य, अधिक विद्वान होता. फरक एवढाच, की त्याने आपली अभिरुची आणि दुसऱ्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या खणांत ठेवल्या होत्या.

तो दुसऱ्या बाकावरचा मुलगा आता बंगळूरला नोकरी करतो आणि दर दिवाळीला न चुकता मला शुभेच्छा पाठवतो. गेल्या दिवाळीला मी उत्तरात त्याला विचारले, 'तुमची ती तीन गाणी मला आता ऐकावयाची आहेत. पाठवाल का?' दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले. भाषा नेहमीप्रमाणे अत्यंत आदराची होती. 'सर, त्यानंतर आम्ही वाजविले नाही. शब्द लिहिलेला कागद तेवढा एकच होता, तो आपणाकडे दिला होता. आता मला आठवत नाहीत.'

तो कागद मी त्याच दुपारी टोपलीत टाकला होता. त्यावरच्या पहिल्या चार ओळी वाचलेला मी एक मनुष्य आहे, आणि मलाही त्यांतला एक शब्द आठवत नाही. नोंदवही मात्र कार्यालयाच्या कपाटात आहे. परवा मी ती काढून पाहिली. शेरा सुवाच्य आहे.